मनगट धर!

आमच्या कामरगावात माणूस भेटला की लोक रामराम घालतात. माझे शेजारी सुधाकरभाऊ उजवा हात पुढं करून म्हणायचे, "धर मनगट!"

धरलं की संपलं. ते हात असा काही फिरवायचे की आपला खांदा वर, कंबर खाली, आणि नेमकं तिथंच भाऊंना पुढचं आठवायचं नाही. "थांब, हलू नको," म्हणायचे. मग पुढचं आठवेपर्यंत आपण भर रस्त्यात तसेच वाकून उभे! त्यांना लांबून पाहिलं की अर्धं गाव हात खिशात घालायचं.

भाऊ पुण्यात कंपनीत नोकरीला होते. बाकी लोक पुण्याहून बाकरवडी आणतात. यांनी रिटायर होऊन येताना आयकिदो नावाची जपानी विद्या आणली. "याच्यात आपण ताकद लावाचीच नाई," ते समजावायचे. "समोरच्याची ताकद त्याच्यावरच उलटवाची. तो जितक्या जोरानं येईन, तितक्या जोरानं पडन."

पुरावा एकच होता, कुसुमवहिनी. रोज सकाळी अंगणात सतरंजी अंथरली जायची. वहिनी पदर खोचून भाऊंचं मनगट धरायच्या आणि धपकन पडायच्या. काय पडायच्या राजेहो! मग उठून साडी झटकून चहा ठेवायला आत. माझ्या बायकोनं एकदा कुंपणावरून विचारलंच, "वहिनी, तुमी खरंच पडता काय वो?" वहिनी हसल्या. "चहा उतू जाऊन राह्यला," म्हणाल्या आणि घरात पळाल्या. चहा अजून ठेवायचाच होता.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. सतरंजी गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच.

त्यानंतर शेलूबाजारचं ते प्रकरण घडलं. बाजाराचा दिवस, आम्ही दोघं परतीच्या जीपची वाट पाहत होतो. जीप आली तसा एक दारुडा एका म्हातारीला मागं ढकलून आत घुसायला लागला. भाऊ पुढं झाले, पाय रोवले, हात लांब केला. "धर मनगट!" दारुड्यानं मनगटाकडं पाहिलं, भाऊंकडं पाहिलं आणि छातीवर दिला एक धक्का. भाऊ थेट टमाट्याच्या ढिगात.

"काकाजी, उठा लवकर! माल दबून राह्यला!" टमाटेवाली ओरडली. या गोंधळात म्हातारीनं मात्र खिडकीची जागा पकडली. वाचली ना बाई? मग आणखी काय पाहिजे! पण भाऊंना ते कोण सांगणार?

"चूक त्याची हाय," जीपमध्ये ते पुटपुटले. "त्यानं मनगट धराले पायजे होतं."

मला हसू आवरेना. गावालाही आवरलं नाही. भाऊ दिसले की कोणी ना कोणी टमाट्याचा भाव विचारायचं. मग भाऊंनी हात पुढं करणंच सोडलं. साधा रामराम घालायला लागले. आता सांगा, असा भाऊ मला कसा चालावा? एका सकाळी गेलो त्यांच्याकडं. एकटेच ओट्यावर बसले होते.

"गजानन, मले खरं सांग," मान खाली घालूनच म्हणाले. "कुसुम मुद्दामून पडे काय रे?"

बायकोनं विचारलेलं आणि वहिनींचं ते हसणं आठवलं. काय सांगायचं माणसानं? मी कोपऱ्यातली सतरंजी उचलली, अंगणात अंथरली आणि म्हणालो, "भाऊ, आणा ते मनगट."

त्यांनी हात पुढं केला. मी धरला आणि दिलं अंग झोकून. या वयात हाडं मोडायची भीती होती, पण डोकं जमिनीला लागलंच नाही. खाली भाऊंचा डावा तळहात आधीच येऊन थांबला होता.

"अबे, म्या अजून पिरगाळलाच नाई," भाऊ म्हणाले.

हात त्यांनी काढला नाही. गुंडाळीच्या घड्या पडलेल्या त्या सतरंजीकडं बघत राहिले.

"कुसुमबी अशीच घाई करे."