अण्णांसाठी घरगुती अॅम्प्लिफायर

गिटारचा अॅम्प्लिफायर घरीच करायचा असं मी जाहीर केलं, तेव्हा ही एवढंच म्हणाली, "मिक्सर आणि इस्त्री तेवढी सोडा. बाकी काय हवं ते उघडा." (माझ्या हातून दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा धड चालल्याचा आमच्या घरात दाखला नाही. बैठकीतला पंखा फिरतो, पण वारा छताला लागतो.)

हा उपद्व्याप अण्णांसाठी होता. आई गेली आणि पाठोपाठ माझ्या वडिलांचे कान गेले. कानातलं मशीन ते लावत नाहीत. "आता घरात ऐकण्यासारखं आहे काय?" म्हणतात. माझी लेक रोज त्यांच्यासमोर गिटार घेऊन बसायची, ते तिच्याकडे बघून हसायचे, बस. रविवारी ती शिकायला परगावी निघणार होती. "जायच्या आधी एकदा तरी आजोबांना ऐकू यायला हवं रे बाबा," ती म्हणाली आणि मी वाद्यांचं दुकान गाठलं.

दुकानातल्या सगळ्यात स्वस्त अॅम्प्लिफायरची किंमत ऐकून मी "नुसता बघायला आलो होतो" म्हणत पायरी उतरलो. घरी येऊन माळ्यावरचा आईचा रेडिओ काढला. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो दिवसभर चालू असायचा, स्टेशन लागो न लागो. ती गेल्यापासून कुणी लावला नव्हता.

रेडिओ म्हणजे तरी काय, आवाज मोठा करायचं खोकंच की! बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली, गजर वाजवणारी पितळी चकती काढून मी माईक म्हणून गिटारच्या पोटाला चिकटवली आणि तिची वायर रेडिओच्या आत, आवाजाच्या बटणामागे डाग देऊन जोडली. (एक डाग वायरला, एक टेबलाला, एक माझ्या अंगठ्याला.)

शनिवारी संध्याकाळी अण्णांना रेडिओला खेटून बसवलं. लेकीने वाजवायला सुरुवात केली आणि मी बटण पार शेवटापर्यंत पिळलं. आतून अशी काही घरघर उठली की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

आणि अण्णांची मान हलली! डोळे भरून आले. "येतंय," ते म्हणाले, "ऐकू येतंय रे!" मी हिच्याकडे अशा काही ऐटीत पाहिलं म्हणून सांगू! हीसुद्धा डोळे पुसत होती.

गाणं संपलं. लेकीने तारांवरून हात उचलला. अण्णांची मान हलतच राहिली.

"थांबू नकोस, बाळ," ते म्हणाले.

खोलीत नुसती घरघर चालली होती. लेकीने माझ्याकडे पाहिलं. अण्णांना तिची गिटार ऐकू आलीच नव्हती, एक सूरसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोरीने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा वाजवायला लागली, नाक ओढत, अण्णा पुरे म्हणेपर्यंत.

रविवारी तिला गाडीत बसवून आलो. घर खायला उठलं होतं. अण्णा म्हणाले, "लाव रे ते."

मी रेडिओ लावला, घरघर सुरू झाली आणि मला राहवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, चुकलं माझं! काल तुम्ही ऐकलंत ती गिटार नव्हती! हा रेडिओ नुसता घरघरतोय!"

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तुझी आई भाजी चिरायची तेव्हा हा असाच घरघरायचा. बंद कर गं ती कटकट म्हणून मी रोज तिच्यावर खेकसायचो." त्यांनी रेडिओवर हात ठेवला. "काल घर भरल्यासारखं वाटलं बघ. ती आत, पोर समोर."

मी रडत रडतच पुन्हा ओरडलो, "पण गिटार लागली नाही हे कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"बहिरा झालोय रे, आंधळा नाही. वायर तुटून तुझ्याच पायाखाली पडली होती. सांगणार होतो," अण्णा म्हणाले, "पण म्हटलं, तू जोडायला बसलास तर ही घरघरसुद्धा जायची."