डावीकडच्या ब्रेकाची बखर

श्री. जी देवी पूर्वी मेघांत राहत असे आणि हल्ली भिंतीतल्या तीन भोकांत राहते, जी प्रसन्न असता पंखा फिरतो आणि रुसली असता सगळी आळी गॅलरीत येऊन एकमेकांस "तुमच्याकडे आहे का?" ऐसे पुसते, तिचे पायी मस्तक ठेवून ही हकिकत लिहिली असे. आज्ञा जाहली की विजेच्या रथाची परीक्षा कैसी जाहली, कोणी केली आणि कोण हरले, ते साद्यंत लेहून ठेवावे. त्यावरून स्मरणात होते तितके लिहिले, नव्हते ते हेरंबरावांस विचारिले, आणि हेरंबरावांनी सांगितले त्यातले निम्मे वगळिले.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्य तीन खोल्यांचे, तिसरे मजल्यावर; पश्चिमेस पाण्याची टाकी, पूर्वेस शेजाऱ्यांचा कपडे वाळविण्याचा मुलूख. राज्याचे धनी महाराज भाद्रपदात कैलासवासी जाहले आणि सिंहासन रिकामे पडले. सिंहासन म्हणजे रथाची उजवी गादी. रथ डिझेलचा, वयाने थोर, खोकत चाले आणि महाराज त्या खोकल्यावरून त्याची प्रकृती ओळखीत. बाईसाहेब तीस वर्षे डावे गादीवर बसल्या आणि समोर ट्रक दिसला की उजव्या पायाने तळ दाबीत. तेथे काही नव्हते. महाराज म्हणत, "अगं, ब्रेक माझ्याकडे आहे." बाईसाहेब म्हणत, "मग दाबा ना." येणेप्रमाणे राज्य सुखाने चालले होते.

बाईसाहेबांपाशी रथ हाकण्याचा परवाना होता. लग्नाआधी शिकवणीच्या पेढीत जाऊन मिळविला होता आणि मुदत सरली की न चुकता वाढवीत असत. परवाना होता, राज्य नव्हते. त्याचे कारण ऐसे की लग्नानंतर महाराजांनी कॉलेजच्या मैदानावर त्यांस एक वेळ शिकविण्याची मोहीम काढिली आणि शेजारी बसून "क्लच! अगं, क्लच!" ऐसा रणघोष केला, की बाईसाहेबांनी भर मैदानात रथ थांबविला, उतरल्या, आणि चपला फटफटवीत घरी चालत आल्या. मागाहून महाराज हळूहळू रथ हाकीत, खिडकीतून मनधरणी करीत आले. पुढे तो विषय दोघांनी काढिला नाही.

ज्या दुपारी महाराज गेले त्या दुपारी जुना रथ दारात उभा होता, डिझेल भरलेले, किल्ली खुंटीस, आणि रुग्णवाहिका मागल्या गल्लीत घर शोधीत फिरत होती. राजकन्या परगावी नोकरीवर, युवराज सातासमुद्रापलीकडे. वैद्य म्हणाले, "लवकर आला असतात तरी फरक पडला नसता." बाईसाहेबांनी ऐकून घेतले. मग तेरावे जाहले, दिवाळी न करिता गेली, आणि एके सकाळी चहा गाळता गाळता त्यांनी जाहीर केले की जुना रथ विकावा, नवा घ्यावा, आणि तो आपण स्वतः हाकू. युवराज पडद्यावरून बोलिले, "आई, कशाला? ॲप आहे ना. टॅक्सी दोन मिनिटांत येते." बाईसाहेब म्हणाल्या, "त्या दिवशी ॲम्ब्युलन्सही तेच म्हणत होती. दोन मिनिटं." युवराजांकडील चित्र तेव्हां गोठले. जाळ्याचा दोष असावा.

जुना रथ घेण्यास परतालुक्यातील एक सरदार आला. त्याने चाके पाहिली, बॉनेट उघडून आत फुंकर मारिली, आणि दारे उघडून खाली वाकला तो वाकलाच. म्हणाला, "मॅडम, साहेबांच्या बाजूचं मॅट धड आहे आणि डावीकडचं पार झिजून भोक पडलंय. साहेब काय डावीकडून चालवायचे?" राजकन्येस हसू आले, मग आले नाही. बाईसाहेब म्हणाल्या, "ते मॅट द्यायचं नाही." सरदार म्हणाला, "मग शंभर कमी करा." तह जाहला. मॅट आंघोळीच्या खोलीत धुऊन गॅलरीत वाळत घातले, आणि राज्याचे निशाण समजून चार दिवस फडकत राहिले.

मग नव्या रथाची परीक्षा. हेरंबराव म्हणजे महाराजांचे धाकटे बंधू, रथांचे मोठे शौकीन. सगळ्या जगातील रथांचे गुणदोष मोबाईलवर पाहून मुखोद्गत, आणि स्वतःचे पदरी एक स्कूटर. ते अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून आले. बाईसाहेबांनी संगे दळणाचा पितळी डबा घेतला, गव्हाने भरलेला, झाकण सैल. राजकन्या विचारती जाहली, "आई, हा कशाला?" बाईसाहेब म्हणाल्या, "परीक्षेला."

रथ विकणाऱ्या पेढीवर नवा रथ उभा होता. ना धड पालखी ना धड हत्ती. बैठक पालखीची, पाय हत्तीचे, आणि या संकरास क्रॉसओव्हर म्हणतात. पेढीचा वकील सुजय धनवटे नामे तरुण, गळ्यात पट्टा. प्रश्न बाईसाहेब करीत आणि उत्तर तो हेरंबरावांस देई. बाईसाहेब म्हणाल्या, "एकदा भरली की कुठवर जाते?" तो म्हणाला, "सर, कागदावर पाचशे पंचवीस किलोमीटर. पण सर, एसी लावून, घाट धरून चारशेच समजा." येथे वकील खरे बोलिला म्हणून त्याची नोंद केली. हेरंबराव म्हणाले, "शून्य ते शंभर?" "साडेसात सेकंद, सर!" बाईसाहेब म्हणाल्या, "आणि शंभर ते शून्य?" वकिलाने प्रथमच त्यांजकडे पाहिले. म्हणाला, "मॅम, ते कुणी विचारत नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मी विचारतेय."

डबा मागल्या कोठीत उभा केला आणि स्वारी देवीच्या घाटाकडे निघाली. उजवीकडे हेरंबराव, डावीकडे वकील, मागे बाईसाहेब व राजकन्या. रथास आवाज नाही, सबब हेरंबरावांनी पडद्यावर बोट फिरवून कृत्रिम गर्जना सुरू केली. बाईसाहेब म्हणाल्या, "भाऊजी, मिक्सर बंद करा हो." हेरंबराव म्हणाले, "वहिनी, हा स्पोर्ट मोड आहे," आणि ऐसा पाय दिला की मागल्या दोघींची पाठ गादीस चिकटली, आणि एक बैलगाडी, दोन ट्रॅक्टर व हेरंबरावांची अवघी विवेकबुद्धी मागे पडली. वळणांवर रथ जमिनीस धरून राहिला, कलंडला नाही, कारण बॅटरीचे वजन सगळे पायतळी. हे हौशी लोकांनी ध्यानी धरावे. मात्र हेरंबराव पाय काढीत तेथे रथ आपणच मंद होई आणि त्यांची मान पुढे जाई. ते खपा होऊन म्हणाले, "ही काय गाडी! पाय काढला की रुसते!" मागे कोठीत धाडकन आवाज जाहला, डबा पडला, झाकण सुटले आणि गव्हाची अक्षरशः दाणादाण जाहली. वकिलाचे मुख उतरले. माथ्यावर पोचेतो बॅटरीही पुष्कळ उतरली होती.

माथ्यावर सर्वांनी मिळून गहू वेचिला. मग बाईसाहेबांनी डबा पुनः उभा केला, साडीचा पदर खोचला, उजवीकडचे दार उघडिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, उतरा." हेरंबराव म्हणाले, "वहिनी, घाट आहे. तुम्ही कधी..." वकील म्हणाला, "मॅम, लायसन्स लागतं." बाईसाहेबांनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतला परवाना काढून त्याच्या हाती दिला. हेरंबराव तरी उतरेनात. तेव्हां बाईसाहेब दारास धरून, घाटाकडे पाहात बोलिल्या, "त्या दिवशी मी खाली गेले होते, भाऊजी. यांना पायरीवर बसवलं आणि किल्ली लावली. दोनदा गाडीने उडी मारली आणि बंद पडली. हे पायरीवरून म्हणाले, 'क्लच.' तेवढंच. त्यानंतर काही बोलले नाहीत." राजकन्येस हे वर्तमान तेव्हां प्रथम कळले. हेरंबरावांनी पट्टा सोडिला, हातमोजे काढून खिशात घातले, आणि उतरून मागे येऊन बसले. वकील हळूच म्हणाला, "मॅम, हिला क्लच नसतो." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणून तर आले."

वकिलाने सांगितले की पाय दाबिला की चालते, उचलिला की मंद होते, पूर्ण उचलिला की थांबते, आणि उतारावर ऐसे केले असता बॅटरी थोडी भरते. म्हणजे घोडे डोंगर उतरताना खाल्लेला चारा परत देते. ब्रेक निराळा आहेच, तो अडीअडचणीस. बाईसाहेब म्हणाल्या, "पाय उचलला की थांबते? मग तीस वर्षं मी दाबत बसले ते काय!" आणि स्वारी उतरू लागली. अतिशय मंद. मागून हॉर्न वाजू लागले, एक दूधवाला मोटारसायकलीवरून पुढे जाता जाता आत डोकावून गेला. तिसऱ्या वळणावर समोरून एसटी आली, आपल्या बाजूने थोडी आणि ह्यांच्या बाजूने पुष्कळ. हेरंबरावांनी मागल्या गादीवरून दोन्ही पायांनी तळ दाबिला आणि कुळदेवतेचा पुकार केला. बाईसाहेबांनी पाय उचलिला. रथ दबकत थांबला. एसटीचा चालक खिडकीतून म्हणाला, "या काकी, सावकाश!" आणि गेला. मग बाईसाहेबांनी हेरंबरावांस आरशातून पाहिले आणि म्हणाल्या, "पाय काढा भाऊजी, मॅटला भोक पडेल." पायथ्यास कोठी उघडिली. डबा उभा होता, झाकणही जागेवर. बाईसाहेबांनी वकिलास सांगितले, "हीच द्या. रंग कुठलाही."

पुढे सोसायटीच्या दरबारात रथास चारा देण्याचे विजेचे भोक कोणाच्या खांबावर पाडावे यावरून मोठे युद्ध जाहले. त्यात चिटणिसांनी आगीची भीती घातली आणि बाईसाहेबांनी चिटणिसांच्या गॅसची नळी कधी बदलली ते विचारिले. भोक पडले. पौष लागण्याचे आत रथ दारी आला. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेविले, ते फुटले. सर्वांचे मते प्रथम गणपतीस जावे. बाईसाहेब राजकन्येस डावे गादीवर घेऊन निघाल्या, आणि गणपतीचे वळण सोडून सरळ मोठ्या इस्पितळाकडे गेल्या. फाटकातून आत, थेट छपराखाली. रखवालदार धावत आला, "कुणाला सोडायचंय, मावशी?" बाईसाहेब म्हणाल्या, "कुणाला नाही. बघायला आले." तो म्हणाला, "मग पुढं घ्या, इथं थांबता येत नाही." पुढे घेतला आणि बाहेर आल्या. रस्त्यास लागल्यावर पुसले, "घरून इथवर किती वेळ लागला गं?" राजकन्येने घड्याळ पाहिले होते. म्हणाली, "बघितलं नाही गं, आई." बाईसाहेब म्हणाल्या, "बरं केलंस."

इतक्यात एक रिक्षा आडवी आली आणि राजकन्येचा उजवा पाय आपणच खाली गेला. पायाखाली पाहते तो नव्या मॅटवर ते जुने, भोकाचे, धुऊन पसरलेले. बाईसाहेब समोर पाहूनच म्हणाल्या, "पाय काढ. ब्रेक माझ्याकडे आहे." राजकन्या म्हणाली, "मग दाब ना." बाईसाहेब म्हणाल्या, "हिला दाबायचं नसतं," आणि पाय उचलिला, आणि रथ थांबला, आणि रिक्षा गेली.

येणेप्रमाणे परीक्षा. नित्याचे वापरास रथ उत्तम. चारा स्वस्त, कोठी ऐसपैस, गहू सांडत नाही. हौशी लोकांस वेग आहे, आवाज नाही. तो त्यांनी घरून आणावा. घाटात चारशेहून अधिकाची आशा धरू नये. क्लच नाही. पुढे लिहिण्यासारखे आहे, परंतु येथे पाय उचलिला.