आजोबा, मेणबत्ती आणि कलम चौदा

आजोबांच्या चाळिसाव्याला ओरेस्ट हावरिलुकने वसतिगृहातल्या खोलीत मेणबत्ती लावली. ती तीन मिनिटं जळली. चौथ्या मिनिटाला दारावर थाप पडली.

दारात ब्रिन टेव्स. ती तिसऱ्या मजल्याची प्रमुख. म्हणजे विद्यार्थिनीच, पण खोली फुकट आणि त्या बदल्यात नाक चोवीस तास कामावर.

"वास येतोय, ओरेस्ट."

"आजोबांचा चाळिसावा दिवस आहे."

"वाईट वाटलं रे. खरंच." तिने वाकून फुंकर मारली. "कलम चौदा. उघडी ज्योत. पहिला गुन्हा."

तीन गुन्हे झाले की अठ्ठेचाळीस तासांत खोली सोडायची. बाहेर कॅनडातल्या विनिपेगचा फेब्रुवारी होता, उणे एकतीस. त्या आठवड्यातला त्यातल्या त्यात बरा दिवस.

ओरेस्टला काळजी वेगळीच होती. चाळीस दिवस आत्मा ओळखीच्या जागी घुटमळतो आणि चाळिसाव्याला मेणबत्तीच्या उजेडात वाटेला लागतो, असं त्याच्या घरी मानत. तीन मिनिटांत आजोबा कितीसे पोचणार? त्यांना नुसता जिना उतरायलाच दोन मिनिटं लागायची.

"मग बॅटरीची लाव की," आई फोनवर म्हणाली.

"बॅटरी लागते म्हणून त्यांनी कानाचं यंत्र लावलं नाही जन्मभर. आता ऐकतील?"

"नाही ऐकायचे," आई म्हणाली आणि रडायला लागली.

शिक्षा साधी होती : कॉरिडॉरमध्ये अग्निसुरक्षेचा फलक लावणे. दुःखात माणसाला वेळ पुष्कळ असतो. ओरेस्टने बारा फुटी फलक केला. पडदा पेटायला किती सेकंद लागतात, गादीला किती, कागदाला किती (सहा), सगळं रंगीत. दुसऱ्या दिवशी ब्रिन मोजायची टेप घेऊन आली.

"भिंतीचा पाचवा हिस्साच कागदाने झाकता येतो. कलम बावीस. ज्वलनशील सजावट."

"पण फलक आगीविरुद्ध आहे!"

"आगीला कुठं वाचता येतं? दुसरा गुन्हा."

या खेपेची शिक्षा म्हणजे बैठकीच्या खोलीत सुरक्षेवर भाषण. "निदान पाच जण यायला हवेत, नाहीतर शिक्षा भोगली असं धरत नाहीत," ब्रिनने बजावलं.

"मी दोघांनाच ओळखतो. त्यात एक तू."

"मला मोजू नकोस. मी ड्यूटीवर असेन."

म्हणून आईने गावाहून दोनशे पिरोही करून पाठवले, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच. ओरेस्टने ते कांद्यावर परतले. वास चारही मजल्यांवर गेला आणि त्रेचाळीस जण आले. भाषण कोणी ऐकलं नाही. खोलीची मर्यादा वीस माणसांची होती. कलम एकतीस. तिसरा गुन्हा.

सुनावणी व्यवस्थापक डॅरिल फ्रीसनच्या कचेरीत झाली. डॅरिलच्या चेहऱ्यावर वीस हिवाळ्यांचा कंटाळा होता.

"तुला काही बोलायचंय?"

"दार," ओरेस्ट म्हणाला.

"दाराचं काय?"

"आगरोधक आहे. तुम्ही खुर्ची लावून उघडं ठेवलंय. कलम नऊ."

डॅरिलने उठून खुर्ची काढली. दार खाडकन बंद झालं. "चौसष्टच्या चौसष्ट पानं वाचलीस तू?"

"दुसरं काही करायला नव्हतं."

"वीस वर्षांत नियम वाचलेला तू पहिलाच. मला धरून."

निकाल नियमाप्रमाणेच लागला. एकाच मजल्यावर तीन गुन्हे, म्हणजे मजल्याच्या प्रमुखाची हयगय. ब्रिनला काढलं. तिच्या जागी नियम येणारा माणूस हवा होता. ओरेस्टने अठ्ठेचाळीस तासांत खोली सोडली आणि कोपऱ्यातल्या तिच्या खोलीत राहायला गेला.

तिथल्या खणात त्याला बशी, काडेपेटी आणि अर्धी जळालेली मेणबत्ती सापडली. कलम चाळीस : वस्तू जिच्यात सापडेल, त्या खोलीत राहणारा जबाबदार. ओरेस्टने फॉर्म भरायला घेतला. तक्रार करणारा, ओरेस्ट हावरिलुक. गुन्हेगार, ओरेस्ट हावरिलुक. तो सही करत होता तेवढ्यात ब्रिन विसरलेलं सामान न्यायला आली. तिने मेणबत्ती पाहिली.

"माझ्या कुत्र्यासाठी लावायचे. डिसेंबरात गेला."

"मग माझी का विझवलीस?"

"तुझा वास बाहेर आला. मी दाराखाली ओला टॉवेल लावायचे."

"कलम अठरा."

"माहितेय रे बाबा."

दुपारचे चार वाजले होते. दोघं कोट चढवून बाहेर गेले, कारण कलम चौदा इमारतीपासून आठ मीटरपर्यंतच चालतं. ओरेस्टने टेपने मोजून नववा मीटर गाठला. वाऱ्याला आडोसा म्हणून फॉर्म धरला. ज्योत लागली आणि पाठोपाठ फॉर्मही. चार सेकंदांत राख झाली. फलकावरचा आकडा चुकला होता.

मेणबत्ती मात्र टिकली. पाच मिनिटं. सात. बोटं बधिर झाली तरी दोघांपैकी कोणी हललं नाही.

"तुझ्या कुत्र्याला जिना जमायचा?" ओरेस्टने विचारलं.

"धावत उतरायचा."

"मग आजोबांना सोबत झाली."

"अनोळखी माणसांना चावायचा तो," ब्रिन म्हणाली.

ओरेस्टने थोडा विचार केला.

"बरंच आहे. लवकर उतरतील."