मांडवातला फ्रेंच कायदा

"वहिनी, फ्रान्स उघडलं का?"

रोज सकाळी कोर्टाच्या आधी आमच्या दुकानाच्या दारात पहिल्यांदा हा प्रश्न यायचा आणि त्याच्यामागून खरात वकील यायचे. काळा कोट हातावर टाकलेला, चपला पायरीखाली काढलेल्या. सांगलीत तेव्हा इंटरनेटची दुकानं नुकतीच निघत होती. आमच्यात तीन कॉम्प्युटर, एक फोनची लाईन आणि गल्ल्यावर मी. कॉलेजची पोरं निकाल बघायला यायची, कुणाची आई अमेरिकेतल्या मुलाला ईमेल करायला यायची. आणि काही पोरं कशाला यायची ते मी चांगलं ओळखून होते, म्हणून मी कॉम्प्युटरना पडदे लावू दिले नाहीत. चपला काढून आत येणारं गिऱ्हाईक मात्र हे एकच.

"अहो, देऊळ आहे का हे?" मी म्हणायचे.

"तुमाला दुकान वाटतंय वहिनी. मला न्हाई," असं म्हणून ते कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं मांडी घालून बसायचे. खुर्चीवर मांडी! मॉडेमची किंकाळी सुरू झाली की डोळे मिटायचे. लाईन लागली की उघडायचे. मग तासभर फ्रान्समधल्या कोर्टांच्या बातम्या.

आता हा माणूस मूळचा आटपाडीकडचा. वडील मेंढरं राखायचे. कोर्टात यांचे दावे सगळे बांधाचे आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीचे. यांचा आणि फ्रान्सचा संबंध काय? मी विचारलं एकदा. म्हणाले, "पुण्यात वकिली शिकताना फ्रेंचचा वर्ग फुकट होता, आन् त्या खोलीला पंखा होता." पंख्याखाली बसून बसून भाषा आली, आणि भाषेबरोबर तिथला कायदा अंगात शिरला. तोही एकच. लेखकाच्या हक्काचा.

तो कायदा मला इतक्या वेळा सांगितलाय त्यांनी की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. जो लिहितो त्याचं नाव त्या लिखाणावरून कुणाला काढता येत नाही. विकत घेतलं तरी नाही, लेखक मेला तरी नाही. त्याच्या लिखाणात कुणी काही घालायचं नाही, त्यातलं कापायचं नाही. "द्र्वा मोराल!" असं ते म्हणायचे, म्हणजे लेखकाचा नैतिक हक्क, आणि ते म्हणताना तोंडातली सुपारी हमखास समोरच्या काचेवर उडायची. ती पुसायचं काम माझं.

"मग आपल्याकडं नाही का असला कायदा?"

"हाय की. पर आपला कायदा कोर्टात बसून ऱ्हातो. मांडवात येत न्हाई."

मांडवात तो आणायचं काम यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. लग्न लागत असायचं, कुणीतरी हौसेनं रचलेली मंगलाष्टकं म्हटली जायची आणि तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज यायचा, "कवीचं नाव सांगा!" एका लग्नात गुरुजींनी रागानं मूठभर अक्षता यांच्यावरच टाकल्या. गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्यानं गाणाऱ्याचं नाव घेतलं, गाणं लिहिणाऱ्याचं नाही घेतलं, तर हे स्टेजवर चढले. "फ्रान्समधी चालत न्हाई!" पोरांनी शिट्ट्या मारून मांडव डोक्यावर घेतला. एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी वकील आपले ताठ मानेनं दुकानात हजर.

फ्रान्समध्ये तेव्हा इंटरनेटवरून भांडणं जुंपलेली. कॉलेजातल्या पोरांनी एका गायकाची गाणी आपल्या पानावर टाकली, म्हणाली आमचं घरगुती पान आहे. कोर्ट म्हणालं, साऱ्या जगाला दिसतं ते घरगुती कसलं? काढा. त्या दिवशी वकिलांनी आख्ख्या दुकानाला चहा पाजला. पुढं एका वर्तमानपत्रानं बातमीदारांना न विचारता त्यांचे लेख इंटरनेटवर चढवले, तिथंही बातमीदार जिंकले. त्या दिवशी भजी. मला वाटायचं, याला ना बायको ना पोर, कोर्टात अशील येतं तेही धोतराला माती लागलेलं. बरं आहे, फ्रान्समध्ये कुणी जिंकलं की याला आनंद होतो.

अशातच आमच्या लेकीचं, मीनलचं, लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा, इंजिनिअर, सोन्यासारखा. पण त्याची आई! बैठकीला येताना मांजर आडवं गेलं म्हणून विहीणबाईंनी जीप अर्ध्या रस्त्यातून परत नेली होती. आम्ही पोह्यांची पातेली घेऊन बसलोय आणि पाहुण्यांचा पत्ता नाही! दुसऱ्यांदा आल्या त्या मुहूर्त काढून. मी मीनलला बजावलं होतं, हे लग्न नीट लागेपर्यंत घरात शिंकायचंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात वकील दुकानात बसले असताना एक पान उघडलं. अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसानं लग्नाची गाणी, उखाणे, मंगलाष्टकं असं गोळा करून ठेवलं होतं. मराठी अक्षरं तेव्हा कॉम्प्युटरला धड यायची नाहीत, म्हणून छापील कागदाचे फोटोच चढवलेले. आमच्या लाईनवर फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरायचा. मी सहज मागं उभी होते. आणि बघते तर काय, ओळ उमटायच्या आधीच वकील ती म्हणतायत! एक ओळ, दुसरी, तिसरी. फोटो संपला तरी हा माणूस वाट बघत बसलेला.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं. खाली लिहिलंय बघा, पारंपरिक. कवी अज्ञात."

मी कान झाकायच्याच बेतात होते, आता फ्रान्स निघणार म्हणून. पण वकील काही बोललेच नाहीत. कोट उचलला, चपला घालायच्या विसरले आणि तसेच अनवाणी कोर्टाकडं गेले. त्यांचं ओरडणं मला परवडायचं, हे गप्प बसणं नको.

चार दिवसांनी साताऱ्याहून व्याह्यांचा फोन. नवऱ्यामुलाच्या भावानं पुण्यात इंटरनेटवरून फार सुंदर मंगलाष्टकं काढलीत म्हणे. नवऱ्यामुलाची बहीण माईकवर म्हणणार. त्यांनी फोनवर दोन ओळी म्हणून दाखवल्या. दुकानात उतरलेली तीच होती!

"त्या खरातला पत्रिका द्यायची नाही," आमच्या ह्यांनी निकाल दिला. "तो उठला तर विहीणबाई मुलाला बोहल्यावरून उतरवून नेतील."

खरं होतं ते. पण दाराला दार लागून असलेला शेजारी! मीनल तापानं फणफणली होती तेव्हा रात्रभर बर्फ फोडत बसला होता हा माणूस. मी पत्रिका घेतली आणि गेले. दार उघडलं ताराआक्कांनी. वकिलांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हापासून भावाकडं. कपाळ मोकळं, अंगावर फिकं लुगडं, बोलणं मोजकं. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मागं बसून ढीगभर भाजी चिरून देणार, आणि अक्षता पडायच्या वेळी गायब होणार. आपल्यात विधवा बाईनं त्या वेळी पुढं यायचं नसतं ना. कुणी सांगावंही लागत नाही.

मी पत्रिका ठेवली आणि मनातली भीती सांगून टाकली. साताऱ्याहून कुठली मंगलाष्टकं येणार तेही सांगितलं, फोनवर ऐकलेली ओळ म्हणायला लागले. दोन शब्द म्हटले असतील नसतील, पुढचे आक्का म्हणाल्या. चालीवर, हलक्या आवाजात. म्हणता म्हणता दचकून थांबल्या.

"आक्का! तुम्ही लिहिलीत?"

"आवं, हळू बोला." त्या दाराकडं बघत म्हणाल्या. "चौथी शिकलेली मी. मागं बसून चाल कानावर पडायची, तवा शब्द सुचायचं. लोकं न्यायची, छापायची. नाव घालायची पोराबाळांची. माझं कसं घालत्याल? मंगल कार्यात रांडमुंड बाईचं नाव!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शब्द चालतात, भाजी चालते, नाव तेवढं चालत नाही!

"मी सांगते विहीणबाईंना," मी म्हणाले.

"न्हाई." आक्कांनी माझा हात घट्ट धरला. "पोरीच्या संसारात उद्या काय झालं तर माझ्या माथी येईल. मला न्हाई सोसायचं ते. ह्यालाबी शपथ घातलीया, माझं नाव घ्यायचं न्हाई म्हणून."

आतल्या खोलीत वकील पाठमोरे उभे होते. वळले नाहीत. नुसतं म्हणाले, "लेखकानं नको म्हटलं की नको. तिकडंबी तसंच हाय." पण त्यांची पाठ जी ताठली होती ती मला बघवेना. याच माणसानं साऱ्या सांगलीला कवीचं नाव विचारून हैराण केलं, ते कुणासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

"दोघंही यायचं," मी सांगितलं. "नाहीतर मी पत्रिका परत नेते."

लग्नाच्या दिवशी साताऱ्याच्या कार्यालयात माझं एक लक्ष मीनलकडं आणि दुसरं तिसऱ्या रांगेकडं. ह्यांनी दोन दणकट पुतणे वकिलांच्या दोन्ही बाजूंना बसवलेले. आक्का मागं, जेवणाच्या हॉलच्या दाराशी, खांबाला टेकून. अंतरपाट धरला. विहीणबाई अक्षतांची वाटी धरून डोळ्यांत तेल घालून सगळीकडं बघतायत. नवऱ्यामुलाच्या बहिणीनं माईक घेतला आणि कागद धरून सुरू केलं. वकील मांडीवर हात ठेवून बसले होते. हलले नाहीत.

शेवटचं कडवं आलं, त्याची तिसरी ओळ.

"येती सर्व पुढे सुहास्य वदने टाकावया अक्षता..."

आणि ती पोरगी थांबली. कागद उलटा केला, परत सुलटा केला. अमेरिकेतल्या त्या फोटोत खालची ओळ कापली गेली होती. चौथी ओळच नाही! आयत्या वेळी कागद हातात दिलेला, आधी कुणी म्हणून बघितलं होतं?

"असू दे," गुरुजी पुटपुटले. "वेळ होतेय. पुढं चलू."

"थांबा!"

वकील उभे होते. दोन्ही पुतण्यांच्या हातात त्यांच्या कोटाच्या बाह्या. "अर्धं तोडून टाकायचं न्हाई, गुरुजी. फ्रान्समधी चालत न्हाई!"

मांडवात कुजबुज उठली. आमचे हे कपाळाला हात लावून खाली बसले. मी देवाचा धावा करत विहीणबाईंकडं बघितलं. आणि त्या पांढऱ्याफटक! पण वकिलांमुळं नव्हे.

"अगबाई, अष्टक अर्धवट! बोहल्यावर अष्टक अर्धवट राहिलं! केवढा अपशकुन!" त्या गुरुजींवर धावल्या. "पुढं कसले चलताय? पुरं केल्याशिवाय अंतरपाट काढायचा नाही, सांगून ठेवते!"

"पण ओळ कुणाला ठाऊक आहे, बाई?"

"अहो, तुम्ही," विहीणबाई वकिलांना म्हणाल्या, "तुम्हाला येते का?"

सगळा मांडव वकिलांकडं बघायला लागला. त्यांना येत होती. दुकानात फोटो संपला तेव्हापासून त्यांना माहीत होतं काय कापलं गेलंय, आणि मी पत्रिका घेऊन घरी गेले तेव्हाही त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं त्यांनी. शपथ नावाची होती, ओळीची नव्हती. वकीलच तो!

"येतीया," ते म्हणाले. "पर म्हणायचा हक्क माझा न्हाई."

"अहो, मुहूर्त टळतोय! कुणाचा हक्क असेल त्यानं म्हणा! कुणीही म्हणा हो!" विहीणबाई रडकुंडीला आल्या.

अंतरपाटाआड माझी मीनल उभी. हार धरलेले तिचे हात हळूहळू खाली येताना मला दिसत होते. मी वळून खांबाकडं बघितलं. आक्कांनी पदर तोंडात धरला होता. त्यांची नजर मीनलच्या हातांवर होती. मग पदर सुटला.

"मागे राहुन जी दिवा उजळते, कुर्यात् सदा मंगलम्!"

माईक नाही, काही नाही. उघड्या माळावर हाक घालणाऱ्या घरातला आवाज तो. सगळ्या माना मागं वळल्या. गुरुजी भानावर येऊन "सावधान" ओरडले, अंतरपाट निघाला, वाजंत्री सुरू झाली. अक्षता पडल्या. माझ्या तर डोळ्यांपुढं काही दिसेना, मी कुठं टाकल्या कोण जाणे.

नमस्काराच्या वेळी विहीणबाईंनी विचारलंच, "त्या कोण हो?"

वकील तिथंच होते. ही वेळ यावी म्हणून या माणसानं किती मांडव अंगावर घेतले होते! त्यांनी तोंड उघडलं, आक्कांकडं बघितलं आणि मिटलं. शपथ होती. तेव्हा आक्काच दोन पावलं पुढं आल्या.

"मी तारा. ह्याची थोरली. ह्ये सगळं मी लिवलंय."

विहीणबाईंची नजर त्यांच्या कपाळावर गेली. तेवढ्यात मीनल वाकली आणि आक्कांच्या पायांवर तिनं डोकं टेकलं. तिच्यामागून जावईही वाकले. विहीणबाईंनी आधी सुनेकडं बघितलं, मग मुलाकडं. "जेवल्याशिवाय जाऊ नका," एवढंच त्या आक्कांना म्हणाल्या आणि वळल्या. मला तेवढं पुष्कळ झालं.

पंगतीत वकील आणि आक्का शेजारी शेजारी बसले. मी जिलेबी घेऊन गेले तर आक्का जेवायचं सोडून भावाच्या ताटाकडं बघत बसलेल्या.

"ह्याचंबी लगीन ठरलं हुतं, वडूजची पोरगी," त्या एकदम म्हणाल्या. "मुंडावळ्या बांधून उभा हुता. तिकडची माणसं म्हणाली, बहिणीला जरा खोलीत बसवा. ह्यानं मुंडावळ्या सोडल्या आन् माझा हात धरून चालत घरला आणलं. तवापास्नं ह्यो कुणाच्या लग्नात जेवला न्हाई. उठायचा, भांडायचा, उपाशी घरी यायचा."

वकिलांना ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वर केली नाही. मसालेभात संपवला, मठ्ठा वाटीला तोंड लावून प्यायले, आणि रिकामं ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "वहिनी, जिलेबी वाढा की."