कडूमावशींनी ओतलेलं पाणी

कडूमावशी कुणाकडे आल्या की बसत नाहीत. भर दुपारी टॉर्च पेटवून सरळ मोरीत जातात, पाण्याच्या ड्रममध्ये डोकावतात आणि विचारतात, "झाकण कुठंय ह्याचं?"

मावशी आमच्या समोरच्या घरात एकट्या राहतात. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या पाण्यात नाक खुपसणं म्हणजे भांडण विकत घेणं. मावशी रोज दोन तरी घेतात. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, काहीच सोडत नाहीत. "गटारीतला डास येगळा. ह्यो डेंग्यूवाला साहेब हाय. ह्याला साफ पाणी लागतंय, अन् चावतोय दिवसा."

एकदा धूर फवारणारा आला, तर मावशी त्याच्या वाटेत उभ्या. "धुरानं उडते मरतेल. पाण्यातल्या अळ्यांचं काय?"

"मला धूर करायलाच पाठवलंय, मावशी."

"मंग घरी चूल फुकीत बसायचं की."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी आमचा भरलेला ड्रम माझ्यादेखत आडवा केला. पाणी यायला अजून तीन दिवस होते. माझं टाळकंच सरकलं. "हे काय तुमच्या बापानं भरलं होतं?" मी बोलून गेलो. आज त्या वाक्याची लाज वाटते.

"अळ्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "वळवळत व्हत्या. दिसंना का तुला?" आणि खाली बसून ड्रम आतून घासायला लागल्या. "अंडी चिकटून ऱ्हातेत कडंला."

मी त्यांच्या हातातून घासणी हिसकावली, त्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बोलणं बंद झालं.

आठवडाभरात माझ्या मुलीला, पूजाला, ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी पाजा म्हणाले. पाचव्या दिवशी ताप उतरला. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मी पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तेवढ्यात मावशी आल्या. माझ्याकडे न बघता पूजाजवळ बसल्या. "पोट दुखतं का गं?"

"लई दुखतंय. सकाळपासून तीनदा उलटी झाली."

मावशी माझ्याकडे वळल्या. "ऊठ. दवाखान्यात न्यायचंय."

"अहो मावशी, ताप उतरलाय तिचा."

"म्हणून तर म्हणते. रिक्षा आण."

त्यांचा आवाज असा होता की मी वाद घातला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पूजाला तपासलं, लगेच दाखल केलं, सलाईन लावलं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच असतो, संध्याकाळ होईपर्यंत थांबला असता तर अवघड होतं, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पूजा उठून बसली. मावशी बाहेरच्या बाकावर होत्या. तीन दिवस तिथंच होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती. विचारलं मात्र वेगळंच, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"



"माझ्या सुमीचा ताप असाच उतरला व्हता," त्या म्हणाल्या. "पोरगी बरी झाली म्हणून म्या शिरा केला. खाल्ला बी तिनं दोन घास."