सीलबंद सांडा

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं लीलाधर चौधरी दिवसातून दोनदा तरी म्हणत. दीपनगर कॉलनीत राहणारे हे लीलाधरभाऊ तिथल्याच वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. शंभर बोल्टांची पेटी आली आणि शंभरच्या शंभर भरले, तरी पेटी आणणाऱ्याकडे ते असे बघत, की तो बिचारा स्वतःचेच खिसे चाचपायचा!

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात भाऊंच्या मनात आलं, घरात एखादा प्राणी पाळावा.

"कुत्रा आणा," त्यांची बायको भिकुबाई म्हणाली.

"कुत्रं बिस्किटाला फितूर होतं!"

"मग पोपट?"

"घरातलं सगळं शेजारी जाऊन सांगेल!"

शेवटी कळलं, की जळगावला मेहरूण तलावाजवळ राजस्थानकडचा एक माणूस सांडे विकायला बसलाय. घोरपडीसारखा वाळवंटातला प्राणी, पाल्यावर जगतो, तोंडातून चकार शब्द नाही. भाऊंना एकदम पटलं. रविवारी सकाळी ते तिथं हजर!

पाटीत पाच सांडे होते. वीत-दीड वीत लांब, जाडजूड काटेरी शेपटीचे. चार गोणपाटाच्या सावलीत मातकट पडलेले. पाचवा मात्र उन्हात ऐटीत बसला होता: पिवळाधमक अंग, मानेला नारिंगी झाक, जणू हळद लागलेला नवरदेव! भाऊंचे डोळे बारीक झाले. रुमाल ओला करून त्यांनी त्याची पाठ खसाखसा घासली. रंग निघेना.

"ऑइलपेंट दिसतोय!" ते पुटपुटले आणि नाक लावून वास घेतला. सांड्यानं तोंड फिरवलं.

"साब, असली है," विकणारा म्हणाला.

"असली आहे हे सांगावं लागतं, तिथंच पाणी मुरतं!" भाऊंनी पाटीच्या तळाशी हात घातला आणि सगळ्यांत मळकट सांडा उचलला. "हा प्रामाणिक दिसतो. हाच द्या."

"ले जाव साब! ये भी वैसाही पीला हो जायेगा!"

भाऊ दोन पावलं मागे सरकले. म्हणजे हा आपल्या डोळ्यांदेखत दुसराही रंगवायला तयार! त्यांनी सांडा पिशवीत घातला आणि तडक बसस्टँड गाठला.

घरी जाळीचा खोका दारापुढच्या ओट्यावर ठेवला, आत मेथीचा पाला टाकला. शेजारचा झुलाल डोकावला. बारा वर्षांचा शेजार, रोज संध्याकाळचा चहा एकत्र. "भाऊ, सांड्याचं तेल काढायचा विचार आहे की काय?" तो डोळा मारत म्हणाला. भाऊ हसले नाहीत.

सोमवारी दुपारी भाऊ जेवायला घरी आले, खोक्यात पाहिलं आणि ओरडलेच, "बदलला!"

आत मातकट सांडा नव्हताच. पिवळाजर्द सांडा मेथी खात होता! भिकुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी पोळ्या करू की तुमच्या सांड्यावर पहारा देऊ?" संध्याकाळी येऊन बघतात, तर मातकट सांडा जागेवर! म्हणजे चोरानं परतही आणून ठेवला! तेवढ्यात कंपाउंडपलीकडून झुलालनं हात हलवला. त्याच्या अंगठ्याला पिवळा रंग लागला होता.

"हे काय?" भाऊंनी विचारलं.

"सायकल रंगवतोय."

"सायकल!" भाऊ म्हणाले. "बरं, बरं."

मंगळवारी त्यांनी खोक्याला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला आणि साक्षीदार म्हणून भिकुबाईची सही घेतली. दुपारी सील जसंच्या तसं, आणि आत सांडा पिवळा! भाऊंच्या अंगावर काटा आला. झुलालनं तसाच शिक्कासुद्धा बनवून घेतलाय!

तिथून ते थेट सिक्युरिटीच्या केबिनमध्ये गेले. लेखी तक्रार दिली: 'झुलाल पाटील याने माझा सांडा वारंवार बदलला.' पुढच्याच आठवड्यात झुलालच्या बढतीची मुलाखत होती. कागद वर गेला, तर बढती गेलीच म्हणून समजा! भिकुबाईनं हात जोडून सांगितलं, पण भाऊ हटले नाहीत.

बुधवारी सकाळी थंडीत खोका केबिनबाहेरच्या टेबलावर आला. सिक्युरिटीचे तोताराम आबा पंचनामा लिहायला बसले. निम्मी कॉलनी जमली. झुलाल मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्या शेजारी शिरपूरकडून आलेली त्याची म्हातारी आई, आक्काबाई.

"सांड्याचा रंग?" आबांनी विचारलं.

"मातकट," भाऊ ठणकावून म्हणाले. "लिहून घ्या! हाच माझा खरा सांडा!"

आबांचं अक्षर टपोरं आणि हात सावकाश. नाव, वय, हुद्दा लिहीपर्यंत तास गेला, ऊन टेबलावर आलं. आणि सगळ्यांच्या समोर, कोणी बोटही न लावता, सांड्याच्या पाठीवर पिवळं उमटायला लागलं. मग मान नारिंगी झाली. आबांचं पेन थांबलं.

"आरे भाऊ," आक्काबाई अहिराणीत म्हणाल्या, "सरडानी जात शे ती! उन्हमा तपना का पिवया व्हस, थंडीमा काया-मातकट. बठ्ठा गावले माहीत शे!"

आधी कोणीतरी फस्सकन हसलं, मग अख्खी कॉलनी! भाऊंचाच रंग आता तीनदा बदलला. त्यांनी आक्काबाईंकडे पाहिलं, डोळे पुन्हा बारीक केले आणि हळूच विचारलं, "पण आक्का, तुम्हाला इतकं कसं ठाऊक?"

भिकुबाईनं त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते निमूटपणे झुलालसमोर जाऊन उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आधी तो कागद मागे घ्या, भाऊ," झुलाल म्हणाला. "मग चहाचं बघू."

पण तक्रार मागे घ्यायलाही फॉर्म होता, आणि कारणाचा रकाना रिकामा सोडायला तोताराम आबा तयार नव्हते. भाऊंनी पेन घेतलं, घाम पुसला, पुन्हा एकदा सांड्याकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं:

'ऊन.'