तायडेभाऊ आणि भट्टीचा श्वास

आमचे शेजारी तायडेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत, खिडक्या उघडतात. ऐन थंडीत आमच्याकडे चहाला आले तेव्हा दार, खिडक्या झाल्यावर त्यांची नजर फ्रीजकडे वळली, मी आडवी आले म्हणून तो वाचला. “हवा खेळू द्या न, वहिनी,” हे त्यांचं पालुपद. मोताळ्याच्या एसटीत ते चढले की कंडक्टर मुकाट्यानं कानाला मफलर गुंडाळतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आता घरात ते आणि लेक रश्मी, दोघंच. रश्मी मातीकाम शिकून आली आणि तिनं परसात गॅसची भट्टी बांधली. तिला तांब्याच्या झिलईची, म्हणजे वर तांबं मिसळलेला काचेसारखा लेप दिलेली, लालभडक मातीची भांडी काढायची आहेत. त्याची रीत जरा अघोरीच. भट्टी रसरसली की धुराड्यात पत्र्यासारखी लोखंडी पाटी आडवी सरकवून तिची हवा तोडायची. गुदमरलेली आग मग झिलईतलाच ऑक्सिजन ओढून घेते आणि तांबं लाल होतं. हवा राहिली तर हिरवं.

भट्टीच्या भोकात नळी घालून आतले वायू मोजायचं काम भाऊंकडे. यंत्रावर आकडे उमटतात. “हा ऑक्सिजन. अन् हा कार्बन मोनॉक्साइड. याले रंग नाही, वास नाही, पण राह्यते बरं का,” असं ते हलक्या आवाजात सांगतात तेव्हा मी उगाचच मागे वळून पाहते.

खरं सांगते, मला त्या भट्टीची भीती वाटते. हवा तोडली की भोकातून ज्वाळेची हातभर जीभ बाहेर येते आणि काहीतरी शोधल्यासारखी इकडेतिकडे वळते. थंड होताना आतून बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज येतो. झिलई तडकते म्हणे. असेल. भाऊ मात्र तिच्याशी बोलत बसतात. “घे, हळूहळू घे. भेऊ नको, मी आहो इथंच.” आणि एवढी मापं घेऊनही भांडी दर खेपेला हिरवीच.

परवा दुपारी भट्टी ऐन भरात असताना सिलिंडर संपत आला. दुसरा आणायला निघालेली रश्मी मला कुंपणापाशी हळूच म्हणाली, “काकू, बाबाले पाटीले हात लावू देऊ नका. याही खेपेले हिरवं निंगालं तर भट्टी विकून मी पुण्याले नोकरीले जाईन.” मग भाऊ या घरात एकटेच उरणार होते.

पाटी आत होती. ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. भट्टी धपापत होती, आणि शपथेवर सांगते, ती जीभ भाऊंकडे वळली. त्यांनी चिमटा उचलला. मी त्यांचं मनगट धरलं.

“भाऊ, भट्टी आहे ती.”

“समजते मले,” ते म्हणाले. “पण दवाखान्यात रश्मीच्या आईचा आकडा असाच उतरून राह्यला होता. मी काचेच्या बाहेर, नुसता पाहत उभा. तिथं ओढाले काहीच नव्हतं हो, वहिनी.”

मी मनगट सोडलं. त्यांनी पाटी ओढली, जीभ सर्रकन आत गेली आणि आकडा चढू लागला. भाऊंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सगळी भांडी हिरवी. रश्मीनं माझ्याकडे रागानं पाहिलं. तिला बाजूला नेऊन मी सगळं सांगितलं. तिकडे भाऊ एक बरणी दोन्ही हातांनी उन्हात धरून उभे होते.

“हिरवं निंगालं,” ते म्हणाले. “म्हंजे शेवटपर्यंत श्वास चालू होता.”

“हाव, बाबा,” रश्मी म्हणाली. बरणी अजून गरम होती. तिनं आपली ओढणी त्यांच्या हातांखाली सरकवली आणि पुण्याचं नाव काही काढलं नाही.